रोबो आला, पण डॉक्टर साहब कब आएँगे?

दातांच्या दवाखान्यात माणूस तासभर तोंड उघडून गप्प बसतो आणि उठल्यावर सगळं वसूल करतो. त्यामुळे टावर चौकाजवळच्या माझ्या दवाखान्यात किस्से साठतच असतात. इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून पक्का दात लावायला, रोबोचा हात घेतला आणि किस्से दुप्पट झाले!

*

बारा वर्षं मी ॲप्रन घालून समोर उभी असते आणि पेशंट विचारतात, "डॉक्टर साहब कब आएँगे?"

आधी डोकं फिरायचं. आता सांगते, "आ गए. बैठिए!"

*

ड्रिल माझ्याच हातात असतं; रोबो ते ठरलेल्या जागेवरून ढळू देत नाही, एवढंच. हे ऐकून नानाखेड्याच्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे मशीनच सगळं करणार. मग तू काय करणार गं?"

"काकू, मिक्सर आल्यापासून तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?"

काकू खुर्चीत बसल्या.

*

रोबोवर चमकते गोळे असतात. ते बघून कॅमेरा जागा ओळखतो. दसऱ्याला आमच्या असिस्टंट मंगलाताईंनी मशीनची पूजा केली आणि प्रत्येक गोळ्याला ठसठशीत कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी मशीन ठार आंधळं!

"ताई, अहो, त्याला दिसत नाहीये!"

"नवीन आहे. नजर नको लागायला!"

*

राम घाटावर पूजा सांगणाऱ्या एका पंडाजींचे समोरचे दोन दात गेले होते. संकल्प सांगताना फसफस हवा सुटायची, यजमान हसत दुसऱ्याकडे जायचे. बिचारे रडकुंडीला आलेले, तरी तोरा कायम. "मैडम, आप हाथ मत लगाना. मशीन से ही करवाऊँगा!"

अर्धं ड्रिलिंग झालं आणि मशीनला जागा कळावी म्हणून दातांवर बसवलेली पट्टी हलली. जागेची खात्री नाही, म्हणून मशीन थांबलं.

"मशीन रुक गई, पंडाजी. उठेंगे, कि मैं करूँ?"

तोंड उघडं, भोक अर्धं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

बाकीचं मी हातानं केलं. एक्स-रेत दोन्ही स्क्रू सरळ! खरं सांगते, त्या दिवशी मी मंगलाताईंना तो तीनदा दाखवला.

*

काही महिन्यांनी पंडाजी धाकट्या भावाला घेऊन आले. नवे दात, खणखणीत आवाज. "मैडम, मशीन बाहर रखना. हाथ सिर्फ आपका!"

मी भावाला खुर्चीत बसवलं आणि मशीन चालू केलं.

"अरे, मैडम!"

"हाथ मेरा ही है, पंडाजी. मशीन मेरी सुनती है. अब आप सुनिए. मुँह खोलिए!"

दोघांनीही उघडलं.