शंकरप्पांचा टेलेक्स

सात रस्त्याजवळच्या आमच्या चादरींच्या पेढीत जगदेवी टेलेक्सवर बसायची. इकडं कळ दाबली की मुंबईच्या ऑफिसातल्या कागदावर इंग्रजी अक्षर उमटायचं, तिकडचं उत्तर तिच्या कागदावर. आम्हा कारकुनांना त्या यंत्राची धास्ती. ही मात्र भाकरी थापावी तशी सहज बोटं चालवायची. आणि तोरा तर विचारूच नका! पण सत्याहत्तरच्या मार्चात तो तोरा पार उतरला होता.

तिचे वडील शंकरप्पा आमच्याच गोदामात चादरींचे गठ्ठे बांधायचे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच फसलं होतं. उरलेल्या डोळ्यासाठी मालकांनी त्यांना मुंबईला पाठवलं. हाही गेला तर अंधारच. पट्टी सुटून चष्मा मिळाला त्या दुपारी मुंबईच्या ऑपरेटर नलिनीबाई त्यांना यंत्राजवळ घेऊन बसल्या. इकडं जगदेवीशेजारी तिची आई गंगम्मा पदराचं टोक पिळत बसलेल्या.

कागदावर आलं, ‘अप्पा म्हणतात, सगळं दिसतंय, काळजी करू नका.’

मला हायसं वाटलं. गंगम्मा मात्र म्हणाल्या, "मागल्या खेपेलाबी असंच म्हणाले की. आन् घरी येऊन दाराला धडकले."

शंकरप्पांचा आवाज ऐकू आला असता तर खरंखोटं कळलं असतं. यंत्राची अक्षरं काय, सगळ्यांची सारखीच.

जगदेवीनं जरा विचार केला आणि टाइप केलं, ‘भिंतीवरच्या कॅलेंडरात महिन्याचं इंग्रजी नाव असेल. ते बघून अप्पांनाच कळा दाबू द्या. तुम्ही सांगू नका.’

शंकरप्पांना कुठल्याच भाषेतलं अक्षर येत नव्हतं. नुसता आकार बघायचा आणि तसाच आकार कळांवर हुडकायचा. यंत्र गप्प झालं. मी उगाच पेन्सिलीला टोक करत राहिलो. मग एम उमटला. बऱ्याच वेळानं ए. मग पी.

जगदेवीचा चेहरा पडला. मार्चमध्ये पी कुठला?

तेवढ्यात ओळीनं एक्स उमटले. टेलेक्सवर आलेलं पुसता येत नाही. चुकलं की पुढं एक्स मारून पुन्हा लिहायचं. मग नलिनीबाईंनी कळवलं, ‘अप्पा आपणहून म्हणाले, हे चुकलं, त्याला अजून एक पाय पायजे.’ आणि मागोमाग, सावकाश, एम, ए, आर, सी, एच.

जगदेवी ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. गंगम्मा घाबरून उठल्या. "काय झालं गं? बोल की!"

"अव्वा, अप्पांचं एक अक्षर चुकलं. आन् चुकलेलं त्यांचं त्यांनाच दिसलं."

गंगम्मा तिच्याकडं बघतच राहिल्या. "सोताची चूक? आन् ह्यांना दिसली?" त्या खाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. "मग डोळा लई बेस झाला की गं!"