लपवलेला खोकला

येडशीकडच्या एका व्यापाऱ्यानं मारका बैल गरीब म्हणून विकून मला फसवलं. मी स्वतः बैलांचा व्यापारी. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवताना भल्याभल्यांनी माझ्यापुढं हात टेकले होते. पण भांग चारून आणलेल्या त्या जनावराचे मी दातच मोजत बसलो. तिसऱ्या दिवशी भांग उतरली आणि त्यानं माझ्या छातीत शिंग घातलं.

धाराशिवच्या दवाखान्यात आणलं तेव्हा बरगड्या मोडल्या होत्या, आत रक्त साचत होतं, श्वास पुरत नव्हता. ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताप-खोकला आहे का, तेही त्यांनी विचारलं. गावोगाव फ्लूची साथ होती आणि मला दोन दिवस कणकण आणि खोकला होता. पण मालाची खोड आपल्या तोंडानं सांगायची नाही, ही आमच्या धंद्याची रीत. खरं बोललो तर परत पाठवतील, या भीतीनं मी "नाही" म्हणालो. मनात तुळजाभवानीला विनवलं, आई, एवढा सौदा जमव.

शेजारच्या खाटेवर गाडीवरून पडून छाती दुखावलेले एक म्हातारबा होते. त्यांची बायको उशाशी बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, आल्यापासून खोकायलास. डॉक्टरसायबाला खोटं कायकू बोलतो?"

"म्हातारे, तू तुझ्या नवऱ्याचं बघ!" मी खेकसलो.

तिनं सरळ हाक मारली, "डॉक्टरसाब, इसकू बुखार है! हात लावून बघा!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि भडकले. "अहो, हा काय बैलबाजार आहे? अशा खोकल्यात भुलीचं ईथर हुंगवलं असतं तर टेबलावरच गेला असता!"

मग त्यांनी बेशुद्ध न करता, तेवढीच जागा सुईनं बधिर करून फासळ्यांमधून नळी घातली आणि जखम शिवली. मी जागा होतो, आईचं नाव घेत होतो. त्यांचा हात एकदाही हलला नाही.

पुढं फ्लू छातीत उतरला. खोकला आला की टाके तुटतायत असं वाटे, म्हणून मी तो दाबायचो. म्हातारीनं शिकवलं, उशी छातीशी घट्ट धर आणि खोक. चार दिवस तिनंच उशी धरली. कफ सुटला, म्हणून मी वाचलो.

पाचव्या दिवशी म्हातारबांना ताप भरला. त्यांच्या छातीतलं साचलेलं रक्त दुसऱ्या दिवशी काढायचं होतं, ते लांबलं. ताप माझ्याच खोकल्यातून गेला होता; मला मान वर करवेना. ती एवढंच म्हणाली, "अल्ला देख लेगा. तू पहिले उशी धर."

म्हातारबा वाचले, पण रक्त उशिरा निघाल्यानं अजून चार पावलं चालले की धाप लागते. मी भेटायला जातो तेव्हा म्हातारी आधी माझी छाती कशी आहे ते विचारते.

बरा झाल्यावर तुळजापूरला गेलो, तो त्या व्यापाऱ्याला शिक्षा मागायला. पण जन्मभर सौद्यात चाललेली माझी जीभ गाभाऱ्यासमोर अडखळली. मी सौदा मागितला होता. आईनं तो मोडणारी बाई पाठवली, म्हणून मी हात जोडायला उरलो होतो. तेव्हापासून आईशी घासाघीस करत नाही. राग मात्र गेलेला नाही, आणि तो मी लपवत नाही. आई, त्या व्यापाऱ्याला जाब विचार, त्याला सोडू नकोस. पण म्हातारबांच्या श्वासाचा जाब आधी मला विचार.