चेहरा सोडून चिरा

आमच्या अकोल्यात चौकात फोटो लागतो तो वाढदिवसवाल्याचा, नाहीतर मेलेल्याचा. जिवंत, कामधंदा करणाऱ्या बाईचा फोटो चौकात लागत नाही, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत. आणि मला राग येतो तो असल्या ठाम मतांचाच.

मी बायकांना कार चालवायला शिकवते. तेल्हाऱ्याकडे वडिलांच्या वावरात ट्रॅक्टरवर माझा हात बसला. लग्न होऊन जुन्या शहरात आले आणि इथल्या बोळांनी उरलेलं शिकवलं. या बोळांत ज्याला गाडी मागे घेता येते त्याला जगात कुठेही घेता येते. शिकायला येणाऱ्या बाया एकमेकींच्या सांगण्यावरून यायच्या, बरं चाललं होतं. मग मोठ्या रस्त्यावर एका भल्याथोरल्या ड्रायव्हिंग स्कूलने दुकान थाटलं आणि माझ्याकडचा ओघ आटला. गाडी दारात उभी राहू लागली. नवरा कामानिमित्त सारखा अमरावतीला, त्याने फोनवरच सुचवलं की एखादं होर्डिंग लाव.

फोटो मात्र माझाच लावायचा, हे मी ठरवलं. बायांना कळायला नको का, शिकवणारी बाईच आहे म्हणून? कुठली तरी गोरीपान मॉडेल चिकटवून काय उपयोग, ती काय क्लच सोडायला शिकवणार आहे?

घरात वणवा पेटला. सासूबाईंचं हारफुलांचं दुकान आहे, पिढीजात धंदा. चौकातल्या दुकानांच्या रांगेसमोर त्यांचं टेबल, आणि होर्डिंगसाठी रिकामी फ्रेम मिळाली ती नेमकी त्याच दुकानांच्या स्लॅबवर, म्हणजे त्यांच्या डोक्यावर. माझ्याशी त्या बोलल्याच नाहीत. शेजारणीला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेताने.

"फोटो मेल्यावर लाव म्हना तिले. हार मी फुकट देईन."

मीही हट्टाला पेटले. फ्लेक्स चढला. अर्ध्या बोर्डावर माझा चेहरा, उरलेल्या अर्ध्यावर क्लासचं नाव आणि फोन नंबर. वारा अडू नये म्हणून फ्लेक्सवाले कापडाला जागोजागी ब्लेडने चिरा मारतात, नाहीतर ते शिडासारखं फुगतं आणि फ्रेमच उखडून नेतं. आमच्याही फ्लेक्सवाल्याने मारल्या, पण सगळ्या कडेला आणि नंबराच्या आजूबाजूला. चेहऱ्याला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाला, एका दादाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याच्या गालावर चीर पडली म्हणून पोट्ट्यांनी बदडलं होतं, तेव्हापासून चेहरा सोडूनच चिरा मारतो. इथे सगळेच तसं करतात. चेहरा पाव बोर्डाचा असला तर खपून जातं. माझा अर्ध्या बोर्डाचा होता.

फोन येऊ लागले. गाडी पुन्हा दिवसभर फिरू लागली. सासूबाई रोज त्या फोटोखाली बसून हार गुंफायच्या, पण मान वर करून एकदाही पाहिलं नाही. मी मुद्दाम जाता-येता बघायचे. नाहीच.

मे महिना, लग्नाची तिथी. त्या दुपारी एका वकीलबाईला चढावर गाडी थांबवायला शिकवत होते, तेवढ्यात बाळापूरकडचं आभाळ मातीच्या रंगाचं झालं. वारा-वावधान सुटलं. रस्त्यावरचे पत्रे, पिशव्या, एक प्लास्टिकची खुर्ची, सगळं आमच्या समोरून पळायला लागलं. बाईंना त्यांच्या घरी सोडलं आणि तशीच चौकात आले.

गाडीतून उतरण्याआधीच आवाज ऐकू आला. धाड. मग थोडं थांबून पुन्हा धाड. वारा मागून येत होता. माझा चेहरा रस्त्याकडे फुगला होता, फ्रेम त्याच्याबरोबर पुढे झुकत होती आणि मागच्या आधाराचा लोखंडी पाय स्लॅबवरून सुटून पुन्हा आपटत होता. दुकानांची शटरं खाली होती. लोक पलीकडच्या आडोशाला उभे राहून ओरडत होते. आणि बरोबर खाली, फुलांवर ओलं पोतं दाबून, सासूबाई बसल्या होत्या. लग्नाच्या हारांची ऑर्डर होती.

मी धावत गेले. आत्या, उठा, फ्रेम पडते, म्हटलं. त्यांनी सुईतला दोरासुद्धा सोडला नाही.

"तुह्या फोटोच्या भेवानं मी धंदा सोडू काय?"

मी हाताला धरून ओढलं. त्यांनी टेबलाचा पाय धरला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही बाई. वर पुन्हा धाड झालं आणि स्लॅबच्या कडेचा सिमेंटचा तुकडा आमच्यामध्ये येऊन पडला. ही बाई आता माझ्याच चेहऱ्याखाली मरणार, एवढंच डोक्यात होतं. फ्लेक्सवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, या वाऱ्यात कोणी चढत नाही ताई, मी पोचेपर्यंत काही खरं नाही.

टेबलावर त्यांची देठं कापायची कात्री होती. ती उचलली आणि इमारतीच्या मागच्या शिडीने वर चढले.

मागच्या बाजूने फ्लेक्सला चेहरा नसतो. नुसतं राखाडी कापड, आणि चिरांतून येणारा उजेड. जिथे उजेड येत नव्हता तिथे मी होते. त्या सुटलेल्या पायापासून लांब राहून कात्री खुपसली आणि खाली ओढली. फ्लेक्स लवकर फाटत नाही. डोळ्यांत माती जात होती. मनात शिव्या देत होते, सासूला, वाऱ्याला, त्या मार खाल्लेल्या फ्लेक्सवाल्याला, आणि एवढा मोठा चेहरा हवा म्हणणाऱ्या मला. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक चीर गेली, मग गालांवर. वारा त्यातून शीळ घालत बाहेर पडला. कापड ढिलं झालं. लोखंडी पाय आणखी एकदा आपटला, पण हळू, आणि मग जागेवर बसला.

टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा भान आलं. शिडीवर पाय ठेवला तर ती ओली, निसरडी, वाऱ्याने हलणारी. एक पाय घसरला. मग शिडी एकदम हलायची थांबली. खाली पाहिलं तर सासूबाई दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या होत्या, पदर उडालेला, मान वर. दुकान तसंच टाकून आल्या होत्या. पोतं कधीच उडून गेलं होतं आणि शेवंतीचे हार रस्त्याच्या चिखलातून लोळत चालले होते.

मी वरूनच म्हटलं, आत्या, फुलं गेली.

"फुलाईचं काय घेऊन बसली वो, पाय पाहून ठेव."

खाली उतरल्यावर मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांनी पाठीवर एक धपाटा घातला आणि कात्री मागितली.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाला बोर्ड उतरवायला आला. फाटका फ्लेक्स सासूबाईंनी त्याला नेऊ दिला नाही. दुकानावर छप्पर हवंच होतं. लोक असा जुना फ्लेक्स बांधताना छापील बाजू आत करतात. त्यांनी चेहऱ्याचा भाग पुढे झालरीसारखा सोडला, रस्त्याकडे तोंड करून, आणि चिरा हाराच्या सुईने जाड दोऱ्याने टाचल्या. त्याच्या दोन्ही बाजूंना रोजचे हार लटकू लागले.

एका सकाळी मी फुलांच्या टोपल्या उतरवत होते. हार घ्यायला आलेल्या एका गृहस्थाने वर पाहिलं, चेहऱ्याभोवतीचे हार पाहिले आणि आवाज खाली आणून विचारलं, बाई कधी गेल्या म्हणून.

सासूबाईंनी हार गुंफता गुंफताच सांगितलं, "कोनी गेलं नाई. माही सून हाये ते, जिती. बायाईले गाडी शिकोते. नंबर लिवून घे."