पाणी शेंदणारी बाई

शहागंजातल्या त्या सुताराचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या लाकडी खेळण्याचा दांडा फिरवला, की विहिरीवरची बाई पाणी शेंदायची. मायला दाखवायला मीही तशीच बाई केली. हात हलवणारी चकती गणितानं आखली. घरातला पहिला इंजिनिअर ना मी! पण हात झटक्यानं उडायचा.

शेवटी मी ती सुताराकडे नेली. त्यानं डोळे मिटून माझ्या खेळण्याचा दांडा फिरवला. "सर, तुमची बाई तर दचकतीय! भरली बादली जड लागती, रिकामी भुर्रकन खाली जाती. कधी पाणी शेंदलं नाय व्हय?"

नव्हतं. माय शेंदायची, मी काठावर अभ्यास करायचो.

त्यानं कानशीनं चकती घासून दिली. आभार मानताना मी मनात जळत होतो.

बाई बघून माय हरखली, "माझ्यावानीच शेंदती की!"

सुताराचं मी काहीच बोललो नाही.