लतीफभाईच्या हाताचे तीन वेढे

आधीच सांगतो, मला ओळखणारे लोक माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करूनच ऐकतात. विष्णुपुरीच्या धरणात पकडलेला माझा दीड किलोचा मरळ भोकरच्या आमच्या स्टाफरूममध्ये पोचेपर्यंत नऊ किलोचा होतो, वर त्याला मिशाही फुटतात. पण भूतखेत मी गमतीतसुद्धा सांगितलेलं नाही. विज्ञानाचा मास्तर आहे... अंगात आलेल्या बाईचं मी ब्लडप्रेशर मोजलेलं आहे. तेव्हा यातलं काय वजा करायचं ते करा, लतीफभाईचं तेवढं ठेवा.

लतीफभाई माझे जोडीदार. नांदेडला त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. वीस वर्षं आम्ही रविवार गोदावरीवर घालवले. आपल्याकडे रॉडबिड कुठला? नायलॉनची दोरी, गळ, आणि मासा लागला की दोरीचे तीन वेढे तळहाताला. वेढे बसले की मासा आपला.

गेल्या हिवाळ्यात मीच मागं लागलो. "लतीफभाई, डबक्यात काय बसून राहिलात? समुद्रावर चला. तिथं मासा माणसाला ओढतो म्हणे!"

"मग तुम्हालाच ओढू द्या सर. माझ्या लग्नसराईच्या गाद्या भरायच्या राहिल्यात."

पण आले बिचारे.

मालवणहून भाड्याची बोट केली. बोटीवर चौघं – आम्ही दोघं, बोट चालवणारा तांडेल आणि त्याचा खलाशी. किनारा पार दिसेनासा झाला. मागं नकली मासे सोडून बोट चालवत राहायची, की ट्युना झडप घालतो. तिकडे त्याला कुपा म्हणतात. अकराच्या सुमारास लतीफभाईंच्या हातातला बोटीवरचा रॉड वाकला. तीन तास झुंज चालली... बरं, एक तास. उकडतंय म्हणून त्यांनी लाइफ जॅकेट काढून फेकलं. मी टाळ्या पिटत होतो, "खेचा! नांदेडची इज्जत हाय!"

मासा बोटीजवळ आला. निळाशार, शेळीएवढा. लतीफभाईंनी रॉड खलाशाच्या हाती दिला, वाकले, दोरीच्या टोकाचा जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, पकडला आणि सवयीनं तळहाताला तीन वेढे दिले.

"भाऊ, हाताक गुंडाळू नकात!" तांडेल ओरडला.

तेवढ्यात मासा खाली वळला. दोरीवरची चादर ओढून घ्यावी तसे लतीफभाई कठड्यावरून गेले. ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

रॉडवरून दोरी सुटत होती, सुटतच होती. खलाशानं सुरी काढली. तांडेलनं त्याचा हात धरला – "कापू नको! माणूस त्याच टोकाक हा!" मी कठडा धरून उभा. नुसता उभा.

आणि बोटीच्या मागच्या बाजूनं खोकला ऐकू आला. लतीफभाई! पाण्यावर, हातपाय मारत. दोरी मात्र पुढच्या बाजूनं खोल चालली होती... तेवढीच ताणलेली, तेवढीच जड.

त्यांना वर घेतलं. तळहातावर साधा ओरखडा नाही. खरं तर बोटं तुटायला हवी होती. मग दोरी एकदम सैल पडली. खलाशानं गुंडाळून वर घेतली. मासा नाही, गळ नाही. तंगुसात तीन वेढे तसेच, एकावर एक, घट्ट. मध्ये हात मावेल एवढी पोकळी. आत काही नसेल तर ताणलेला वेढा टिकत नाही, हे मी सातवीच्या पोरांना करून दाखवू शकतो.

तांडेलनं आम्हाला मोजलं. चार. पुन्हा मोजलं. आणि बोट किनाऱ्याकडं वळवली.

लतीफभाई बोलले ते थेट नांदेडला, दुकानात. हातात सुई तशीच.

"सर, खाली कुणीतरी माझे वेढे सोडवले. एकेक करून, घाई न करता. आन् सोडून दिले न्हाईत... सोताच्या हाताला घेतले."

"भास हाय, लतीफभाई. ऑक्सिजन कमी पडला की मेंदू..."

"हात गरम होता, सर. मुडद्याचा असता तर समजून घेतलो असतो. जित्या माणसाचा हात होता."

तेव्हापासून नदी बंद. तांडेलला फोन करकरून विचारतात – कुणी हरवलं का, कुठल्या बोटीवरचं? कुणीच हरवलेलं नाही. माणूस मात्र वाळत चालला. मला बघवेना. आयुष्यभर नुसत्या फेकल्या, एक कामाची फेकू म्हटलं.

"लतीफभाई, सांगायचं राहिलं. तो मीच होतो. मीच उडी मारली."

त्यांनी सुई गादीत खोचून ठेवली.

"सर, तुम्हाला पोहता येत न्हाई," हळूच म्हणाले. "आन् तुमचे कपडे कोरडे होते."

मग कापूस बाजूला सारून म्हणाले, "दर जुम्म्याला त्याच्यासाठी दुआ मागतो. पन नाव काय घेऊ, सर? एखादं नाव तरी सांगा."

एरवी एका दमात मला दहा खोटी नावं सुचतात. त्या दिवशी एक सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.