लाल चिंधीचा पंप

माळीकाम कसं मिळतं, असं मला पुष्कळजण विचारतात. मी बाकी सगळं सांगतो आणि अक्कांची गोष्ट गाळतो. इतकी वर्षं गाळली. आता सत्तरी उलटली, गुडघे बसू देत नाहीत, आणि नेमकं गाळलेलंच आठवत राहतं.

नेहमी सांगतो ते असं. आधी एखाद्या नर्सरीत पडेल ते काम करा. पिशव्यांत माती भरा, कुंड्या उचला. कुठल्या झाडाला पाणी नको, हे कळायलाच वर्ष जातं. मग सोसायटीची बाग. तिथे अर्जाचा काही उपयोग नाही. जुन्या माळ्याने तुमच्यासाठी शब्द टाकला, तरच फाटक उघडतं.

माझ्यासाठी शब्द अक्कांनी टाकला. कारखाना बंद पडला तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो, हडपसरच्या एका नर्सरीत पिशव्या भरत होतो. अक्का तिथे गुलाबांवर कलमं बांधायच्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीची बागही त्यांच्याकडे होती. मला तिथे नेऊन त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "हात जड हाय त्याचा. पण खोटं न्हाई बोलायचा."

फवारणीचे पंप दोन होते, दिसायला सारखेच. तण मारायच्या औषधाचा पंप वेगळा, त्याच्या पट्ट्याला अक्कांनी लाल चिंधी बांधलेली. "चिंधीचा पंप गुलाबाकडं न्यायचा न्हाई. धुतला तरी न्हाई." पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं.

एका सकाळी चांगल्या पंपाची नळी गळत होती. ती बदलायचा मला कंटाळा आला. चिंधीचा पंप एकदा पाण्याने खळबळला, त्यात कीटकनाशक भरलं आणि गुलाबांच्या दोन्ही रांगा फवारल्या. आठवड्यात नवी पालवी दोऱ्यासारखी बारीक, पिवळी निघू लागली. मला लगेच उमगलं. मी चिंधी सोडली आणि खताच्या खड्ड्यात पुरली.

सेक्रेटरी आले. "काय माळीबुवा, गुलाबांनी उपोषण मांडलंय का?" मग दोन्ही पंपांकडे बघत म्हणाले, "यातला विषाचा कुठला?"

"खूण अक्का बांधतात," मी म्हणालो. "त्यांनाच विचारा."

तेवढंच बोललो. एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर अजून चीड येते. सेक्रेटरींनी अक्कांना बोलावलं. अक्कांनी पट्टा हातात घेऊन बघितला. चिंधीच्या जागी पट्टा कमी विटलेला होता. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "माझी चूक, साहेब. गाठ पक्की बसली नसंल."

महिनाअखेरीस त्यांना काढलं. बाग माझ्याकडे आली. बाग जाळणारी बाई असं नाव झाल्यावर नर्सरीनेही त्यांना काढलं. आता त्यांच्यासाठी शब्द कोण टाकणार? टाकू शकणारा मी होतो. मी नवे गुलाब लावले. ते छान आले. लोक माझं कौतुक करायचे आणि मी ते ऐकून घ्यायचो. अक्का एका मंगल कार्यालयात भांडी घासतात, असं कानावर आलं. नर्सरीत त्यांच्यासारखा हात पुन्हा कुणाचा बघितला नाही.

पुढे त्या विश्रांतवाडीला मुलीकडे राहायला गेल्या. मी तीनदा गेलो. दर वेळी बसमध्ये वाक्य जुळवायचो, आणि चहा आला की हवापाण्याबद्दल बोलत बसायचो. तिसऱ्या वेळी गुलाबाची कुंडी नेली. अक्कांनी ती मांडीवर घेतली, बोटांनी खोड चाचपलं आणि कलमाखालचा जंगली फुटवा चटकन मोडला.

"अजून फुटवं काढत न्हाईस?"

"राहून गेलं, अक्का."

"तुझं लई राहून जातं," त्या म्हणाल्या, आणि मोडलेला फुटवा हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाट करून दिली होती त्यांनी, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं. तिथे मी फक्त म्हणालो, "निघतो आता."

यंदा त्या गेल्या. बसमध्ये जुळवलेलं वाक्य मोठं नव्हतं. अक्का, चिंधी मी सोडली होती, गाठ तुमची पक्कीच होती, मला माफ करा.