बारा हजार फुटांवरचं वरसंशोधन

अमेरिकेत पार्सिपनीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने, वृंदाने, तिच्या घरून निघताना माझ्या हातात दशम्यांचा डबा दिला आणि कानात मोहीम सांगितली. "ताई, माझी सायली तुझं ऐकते. अ‍ॅशबर्न गावच्या त्या स्थळाचा, त्या मुलाचा विषय काढ. डेटा सेंटरमध्ये आहे, स्वतःचं घर आहे, स्वभावाने अगदी शांत."

"तिथे बोलायला मशिनंच असतील, शांत राहील नाहीतर काय करेल!" मी म्हटलं.

मी स्वतः साठी ओलांडलेली, बिनलग्नाची आणि पुण्यात एकटी मजेत राहणारी बाई. मला भाचीचं लग्न जमवायला पाठवणं म्हणजे शाकाहारी माणसाला मासळी बाजारात धाडणं. पण आले होते बहिणीच्या जिवावर अमेरिका बघायला. नाही म्हणायची सोय नव्हती.

डेन्व्हरच्या विमानतळावर सायली घ्यायला आली. जन्म पार्सिपनीचा, मराठी ऐकून समजतं, बोलताना अर्ध्यात इंग्रजी येतं. पोटापाण्याचा उद्योग म्हणजे भुंगेरे गोळा करून त्यांचा अभ्यास. त्यातही जमिनीवर धावणारे, उंच डोंगरावर बर्फाच्या कडेला राहणारे. गाडीत बसल्याबसल्या मी तिला विचारलं, "नायगारा कधी दाखवतेस?"

"मावशी, नायगारा इज ऑन द अदर साइड! इथे बर्फ आहे. आणि प्लीज, मला हेल्प कर."

मग तिने अडचण सांगितली. गेल्या वर्षी, आम्ही निघालो होतो त्याच डोंगरावर, तिला एक काळी, नखाएवढी भुंगेरी सापडली होती. असली कुणी पाहिलेली नव्हती. पण सापडली ती एकटीच, आणि तीही मादी. या जमातीत दोन जाती वेगळ्या आहेत हे सिद्ध होतं ते नराच्या एका अवयवाच्या आकारावरून. तो कुठला, हे सायलीने मला हायवेवर, मोठ्या आवाजात, तपशीलवार सांगितलं. नर हवाच, असं तिच्या वरिष्ठांनी बजावलं होतं. बर्फ महिनाभरात वितळणार आणि तिच्या कामाची मुदतही या उन्हाळ्यात संपणार. नर मिळाला नाही तर ती भुंगेरी बिननावाची संग्रहालयाच्या खणात पडून राहणार आणि सायली लग्न करून अ‍ॅशबर्नला कुठल्यातरी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणार.

थोडक्यात, आई मुलीसाठी नवरा शोधत होती आणि मुलगी भुंगेरीसाठी. मी दोन्ही पक्षांकडून आलेली वरसंशोधक.

ट्रेलहेडला (जिथे गाडीरस्ता संपतो आणि माझ्यासारख्यांचा दम निघायला लागतो) आम्ही तंबू ठोकला. तिथून वर चढताना दर दहा पावलांनी मी निसर्ग न्याहाळायला थांबत होते. खरं तर श्वास घ्यायला. पण निसर्गही तसा बघण्यासारखाच होता. झाडं खाली राहून गेली होती. वर नुसते राखाडी दगड, त्यांच्या फटीत टिकलीएवढी निळी फुलं आणि पुढे मळक्या बर्फाचा लांबलचक पट्टा. उन्हाने डोळे दिपत होते आणि थंडीने नाक बधिर झालं होतं.

सायलीने आठवड्यापूर्वी बर्फाच्या कडेला, परवानगी काढून, दह्याचे रिकामे डबे जमिनीत काठापर्यंत पुरले होते. पार्सिपनीच्या फ्रीजमधले डबे, वृंदाने धुऊन जपून ठेवलेले. आत व्हिनेगर. धावता धावता भुंगेरा आत पडला की संपला कारभार. शिवाय आम्ही दगडही उलटून बघत होतो. मी एक दगड उलटला आणि म्हटलं, "सायली, अ‍ॅशबर्नला एक मुलगा..."

"मावशी, यू टू?"

मी दगड परत जागेवर ठेवला. तेवढ्यात मार्मट (मांजराएवढा गुबगुबीत, खारीच्या कुळातला प्राणी) माझ्या पिशवीत तोंड घालून दशमी घेऊन पळाला. त्याच्यामागे मी ओरडत धावले, तर समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने काळजीने विचारलं, "काही हरवलंय का?" मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "वी आर सर्चिंग अ बॉय." बाई घाबरली. तिने फोनच काढला. सायलीला पाच मिनिटं समजूत घालावी लागली.

दगडांखाली काही मिळालं नाही. संध्याकाळी सायलीने डबे उकरून खाली आणले, तंबूपाशी ठेवले आणि थकून झोपली. सकाळी मला लवकर जाग आली. बघते तर डब्यांत काळपट, फेसाळ, आंबूस वास मारणारं पाणी! इतके चांगले डबे, आणि ही दशा! उरलेल्या दशम्या मार्मटापासून वाचवायला झाकणाचं काहीतरी हवंच होतं. मी डबे रिकामे केले आणि घासून लख्ख केले.

सायली उठली, डब्यांकडे बघितलं आणि मटकन खालीच बसली. "मावशी, व्हॉट डिड यू डू!" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराची मेहनत मी भांडी घासण्याच्या पावडरीने धुऊन टाकली होती.

"पाणी कुठे ओतलंस?"

"त्या खड्ड्यात. पण गाळून ओतलं गं. मोरी तुंबेल म्हणून."

"मोरी? इथे?"

काय सांगू! चाळीस वर्षांची सवय. खरकटं गाळल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. चहाच्या गाळण्यातला गाळ मी कागदात बांधून कचऱ्याच्या पिशवीत घातला होता. सायलीने झडप घालून तो कागद काढला. सगळे डबे एकाच बर्फाच्या कडेचे, म्हणून सरमिसळ झाली तरी चालणार होतं. कोळी, माश्या, मुंग्या, आणि चहाच्या पत्तीत एक काळा भुंगेरा. तिने भिंग लावलं. अगदी तिच्या भुंगेरीसारखा, फक्त पुढच्या पायांचे पंजे रुंद होते.

"मेल! नर!" ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली. मीही रडले. सुटले एकदाची.

चहा पिताना मी विचारलं, "हा नसता मिळाला तर ती नवी जात नव्हती?"

"होती ना. प्रूव्ह करता आलं नसतं."

"आणि नाव कुणाच्या जिवावर ठेवणार?"

"एक मेन नमुना निवडतात. नाव कायम त्याच्याशीच जोडलेलं. यूज्वली मेल."

"नियम आहे तसा?"

"नाही. सगळे तसंच करतात."

माझं डोकंच फिरलं. वर्षभर एकटीने खणात पडून जिने सगळ्यांना कामाला लावलं ती दुय्यम, आणि आत्ता चहाच्या गाळात सापडलेला हा बाप्या मुख्य? मी बरंच बोलले. सायली चहा गार होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

पुण्याला परतले. काही महिन्यांनी सायलीने छापून आलेला लेख पाठवला. पहिल्या पानावर फोटो होता. काळी, तकतकीत, एक मिशी तुटलेली. मुख्य नमुना: मादी. वरिष्ठांशी भांडून तिने तसं करून घेतलं होतं. नर मागच्या पानावर होता, त्याच्या त्या अवयवाच्या आकृतीसकट. मी फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले.

तेवढ्यात वृंदाचा फोन. "ताई, अ‍ॅशबर्नचे लोक विचारतायत. सायलीशी बोललीस ना? काय म्हणाली?"

"नाही म्हणाली नाही गं," मी म्हटलं. "पण त्यांना सांग, मुलाला मागचं पान चालणार असेल तरच पुढे बोलू."